बासष्ट वर्षांची बेबी

स्टुडिओत तिला सगळे बेबी म्हणत. नऊ वर्षांची असताना एका सिनेमातल्या हरवलेल्या मुलीच्या जागी रडण्यासाठी तिला पहिल्यांदा माइकसमोर स्टुलावर उभं केलं होतं. तेव्हा कुणीतरी मारलेली हाक चिकटली ती कायमची. पुढे ती बेबीताई झाली, नव्या मुलामुलींची बेबीमावशी झाली, पण बेबी काही सुटलं नाही. आता बासष्ट पूर्ण झाली होती, गुडघे कुरकुरत होते, संहितेवरची अक्षरं मोठी छापून मागावी लागत होती. तरी रोज सकाळी दहा वाजता ती काचेच्या खोलीत उभी राहायची आणि बावीस वर्षांच्या मुलीच्या आवाजात म्हणायची, "आई, मी निघाले गं! उशीर झालाय!"

ही बावीस वर्षांची मुलगी म्हणजे एका परभाषेतल्या मालिकेची नायिका. मालिका मराठीत यायची ती बेबीच्या गळ्यातून. सहा वर्षांत नायिकेची दोनदा स्मृती गेली, तीनदा लग्न ठरून मोडलं, एकदा जुळी बहीण निघाली, पण वय बावीसवरून तसूभर हललं नव्हतं.

मालिकेतल्या म्हाताऱ्या बायकांना आवाज द्यायला वेगळी मुलगी होती. मुलगीच, एकतीस वर्षांची. आवाज असा काही थरथरवायची की ऐकणाऱ्याने उठून तिला हात द्यावा. तिला सगळे आजी म्हणत. एकतीस वर्षांची आजी आणि बासष्ट वर्षांची बेबी, ही गंमत कानसेन प्रत्येक पाहुण्याला हटकून सांगायचा. कानसेन म्हणजे तिथला ध्वनिमुद्रक. पंचवीस वर्षं तो काचेच्या त्या बाजूला आणि बेबी या बाजूला. पोटात कावळे ओरडले तरी त्याला माइकमधून ऐकू जायचं, म्हणून ते नाव.

बेबीलाही त्या गमतीवर हसू यायचं. एका मंगळवारपर्यंत यायचं, असं म्हणू.

त्या दिवशी तिचं काम लवकर आटोपलं होतं. पर्स उचलायला ती कानसेनच्या खोलीत शिरली, तर पडद्यावर एक बाई पुलाखालच्या लोखंडी शिडीवरून खाली उतरत होती. सत्तरीची असेल. केस पांढरे, बारीक कापलेले, डोक्यावर हेल्मेट, दातांत टॉर्च. वरून एक साहेब कठड्यावर वाकून ओरडत होता. बाईने टॉर्च हातात घेतला आणि मान वर न करताच त्याला काहीतरी सुनावलं. भाषा बेबीला येत नव्हती, पण गळ्याची शीर कशी ताठ झाली ते तिने बघितलं.

"कोण रे ही?"

"इंजिनिअर," कानसेन म्हणाला. "रिटायर झालीये. पुलाला तडा गेलाय म्हणते, कुणी ऐकत नाही. मग स्वतःच उतरते."

"मग?"

"मग सात भाग."

"शेवटी मरते?"

"नाही."

"अंथरुणाला खिळते?"

"नाही गं बाई. शेजाऱ्याच्या प्रेमात पडते."

बेबी पर्स मांडीवर घेऊन बसलीच. इतक्या वर्षांत म्हाताऱ्या बायका जिन्यावरून गडगडताना तिने शेकड्यांनी पाहिल्या होत्या. स्वतःच्या पायांनी शिडी उतरणारी ही पहिलीच.

"मराठी लावू? पहिला भाग झालाय," असं म्हणत कानसेनने बटण दाबलं. शिडीवरच्या बाईच्या तोंडून आजीचा आवाज आला. "अरे बाळाऽ... मला म्हातारीला... जरा बघू तरी दे रेऽ..."

बेबीला खुर्ची बोचल्यासारखं झालं. पडद्यावरच्या बाईचा श्वास भरलेला होता, वाक्य एका झटक्यात संपत होतं, आणि मराठीत ती विनवण्या करत होती. बेबीने ते दृश्य पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. मग उठून ती थेट दिग्दर्शकाच्या टेबलाशी गेली.

दिग्दर्शक पस्तिशीचा, सतत घाईत. ऐकून घेतानाही त्याचा एक डोळा फोनवर असे.

"ती पुलावरची बाई मला दे."

"बेबीताई, तुमचा आवाज कोवळा आहे हो. सत्तरीची बाई म्हणून कोण विश्वास ठेवेल?"

"अरे, मी बासष्टची आहे!"

"हो, ते दिसतं ना," तो म्हणाला आणि जीभ चावली. "म्हणजे, ऐकू येत नाही."

त्या दिवशी बेबी घरी चालत गेली. बसच्या थांब्यावर उभं राहवेना म्हणून. घरी आली, फ्रीज उघडला, बंद केला. घडी घातलेले कपडे उलगडून पुन्हा घड्या घातल्या. नळ नीट बंद आहे का ते तीनदा बघितलं.

"काय भिरभिरतेयस? बस की एका जागी," आई म्हणाली.

आई चौऱ्याऐंशीची. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. बेबीचा नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला, तेव्हा 'चार दिवस सोबतीला' म्हणून आली ती राहिली. टीव्हीसमोरची खुर्ची तिची. पडद्यावर त्या वेळी एक म्हातारी पलंगावर पडून सुनेचा हात हातात घेऊन काहीतरी पुटपुटत होती.

"पाचवा दिवस आहे," आई म्हणाली. "पाच दिवस ही बाई शेवटचा श्वास घेतेय. आमच्या वॉर्डात असती तर दुसऱ्या दिवशी उठवून चालायला लावली असती."

"आई, तू कधी थरथरत्या आवाजात बोलतेस?"

"मी कशाला थरथरू? थंडी वाजतेय का मला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई फोनवर औषधाच्या दुकानदाराशी बोलत होती. बेबी दारात उभी राहून ऐकत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकत होती. आईचा आवाज थरथरत नव्हता. खाली बसलेला होता, कडा थोड्या खरखरीत, एखाद्या अक्षरावर कवळीचा टक् असा आवाज. पण ती फार भराभर बोलत होती. "गोळ्या लाल पाकिटातल्या, निळ्या नाहीत, मागच्या वेळी चुकलात, आज चारच्या आत पाठवा." सगळं एका श्वासात. मग फोन खाली.

"इतकी घाई कसली?" बेबीने विचारलं.

"मधेच तोडतात गं. म्हातारं माणूस बोलायला लागलं की दोन वाक्यांत 'हो हो आजी' सुरू. म्हणून मी कामाचं आधी सांगून टाकते."

म्हणजे म्हाताऱ्या बायका रेंगाळत बोलत नाहीत. त्यांना रेंगाळायला वेळ मिळतच नाही. हे बेबीला चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईबरोबर नऊ वर्षं एका घरात राहून कळलं नव्हतं. आणि धंदा काय, तर आवाजाचा.

त्यानंतर आठवडाभर तिने दिग्दर्शकाच्या डोक्याची मंडई केली. लिफ्टमध्ये गाठलं, जिन्यात गाठलं. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं. त्यातच काय ते."

बेबी आत गेली. हेडफोन चढवला, एका कानात मूळ बाईचा आवाज घेतला, संहितेचा कागद आवाज न करता सरकवला. शिडीचं तेच दृश्य. लाल दिवा लागला. तिने तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते, "अरेऽ बाळाऽ..."

ती स्वतःच दचकली. आजीची हुबेहूब थरथर! कुणी शिकवली नव्हती. वर्षानुवर्षं कानांवर पडून गळ्यात जाऊन बसली होती.

"पुन्हा," ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी तिने थरथर गाळून टाकली. तर पुलाखालून बावीस वर्षांची मुलगी बोलायला लागली. गोड, लाडिक, टोकाला जरा उचललेली. बाहेर दिग्दर्शकाने कपाळावर हात मारलेला तिला काचेतून दिसला.

तिसऱ्यांदा केलं. तेच. चौथ्यांदा करताना तिला घाम फुटला. माइकसमोर उभं राहिलं की गळा आपोआप वर चढत होता. बसलेल्या माणसाला सवयीने पाय हलवत राहावंसं वाटतं, तसा. हा आवाज आपला आहे की नोकरीचा, हेच तिला कळेना.

"बेबीताई, जाऊ द्या," दिग्दर्शक आत येऊन म्हणाला. "तुमचं वेगळं आहे, गोड आहे. कशाला त्रास? म्हातारी म्हणजे जरा थकवा हवा, करुणा हवी..."

"कशासाठी?" बेबी म्हणाली. "ती बाई चाळीस फूट शिडी उतरलीये. तिला तडा सापडलाय. तिला राग आलाय. करुणा तिला नको, तुला हवी आहे! तू एकदा तरी तिच्या तोंडाकडे बघितलंस? ती शिव्या घालतेय त्या माणसाला, आणि तू तिच्या तोंडी 'बाळा' घालतोस. चल, सरक, मला पाणी पिऊ दे."

बाहेरून टॉकबॅकच्या स्पीकरवर कानसेनचा आवाज आला. "बेबी, जरा थांब. हे ऐक."

हेडफोनमध्ये कुणीतरी बाई भांडत होती. आवाज जाड, सपाट, मधेच घासणारा. वाक्यं भराभर, श्वास वाक्याच्या शेवटी. बेबीने विचारलं, "ही कोण?"

"तू," कानसेन म्हणाला. "आत्ता. माइक चालूच होता."

बेबी हेडफोन दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. गॅसवाल्याशी, आईशी, नवरा होता तेव्हा त्याच्याशी ती याच आवाजात बोलत आली होती, आणि हा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता.

"याच आवाजात बोल. माइककडे बघू नकोस. याच्याकडे बघ," कानसेन म्हणाला. हा म्हणजे दिग्दर्शक. तो बिचारा कोपऱ्यात पाण्याची बाटली घेऊन उभा राहिला, आणि बेबीने सगळं दृश्य त्याला सुनावलं.

नमुना मालिका दाखवणाऱ्या कंपनीकडे गेला. उत्तर यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत बेबीच्या जिवाला चैन नव्हती. फोन वाजला की हातातलं पडायचं, वाजला नाही की तो बंद तर नाही ना म्हणून स्वतःच आईच्या फोनवरून लावून बघायची. दहाव्या दिवशी होकार आला. पहिल्या भागापासून पुन्हा करायचं होतं.

आजी तिला जिन्यात भेटली. दोघी एका पायरीवर थांबल्या.

"मावशी, राग आला होता मला तुमचा," मुलगी म्हणाली. "मग वाटलं, मी तरी कुठे सुखात आहे? चोविसाव्या वर्षापासून म्हाताऱ्या करतेय. एकदाच माझा आवाज जाड आहे म्हणाले, झालं. माझ्या वयाची बाई मला कुणी देतच नाही."

बेबीने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तोसुद्धा मालिकेतल्या म्हातारीसारखा वाटला म्हणून लगेच काढला.

काम सुरू झालं. सकाळी बावीस वर्षांची, दुपारी एकाहत्तरची. पहिले काही दिवस जमलं. मग एका सकाळी "आई, मी निघाले गं" म्हणताना आवाज मधेच चिरकला. गरम पाणी प्यायली, पुन्हा केलं, पुन्हा चिरकला. गळा एकदा खाली उतरायला शिकला, तो आता वर चढायला कुरकुर करत होता. बेबी घाबरली. रोजचं काम ते होतं. पुलावरची बाई सात भागांची पाहुणी होती.

आणि पाचव्या भागात आणखी एक भांडण निघालं. त्यात शेजारी रात्रीचं जेवून निघतो, दारात चपला घालतो, आणि बाई त्याला काहीतरी म्हणते. बेबीने मूळ ऐकलं. दोनच शब्द, हळू, शेवटचा श्वास सोडलेला. संहितेत लिहिलं होतं, 'औषधं घेतलीत का?'

"हे ती म्हणत नाहीये," बेबी म्हणाली.

"मूळ आहे 'आज थांब'," दिग्दर्शकाने कबूल केलं. "अनुवादकानेच बदललंय. घरात सगळे एकत्र बसून बघतात, बेबीताई. आजीच्या वयाची बाई..."

"बावीस वर्षांची ती पोरगी सहा वर्षांत तीन जणांना थांब म्हणालीये, माझ्याच तोंडून. तेव्हा घरचे काय डोळे मिटून बसले होते?"

शेवटी ठरलं की दोन्ही मुद्रित करायचं आणि निवड कंपनीने करायची. औषधांचं वाक्य पहिल्या झटक्यात झालं. मग "थांब ना आज." लाल दिवा लागला. या आवाजात, या खालच्या आवाजात, हे ती शेवटचं कधी म्हणाली होती? नवरा आजारपणात म्हणायचा, जरा बस ना. ती म्हणायची, कामं पडलीत. तिने डोळे पुसले नाहीत, कारण बाहीची सळसळ माइक पकडतो. वाक्य म्हटलं. बाहेरून कानसेन म्हणाला, "झालं."

पाचवा भाग लागला त्या संध्याकाळी ती आईच्या शेजारी बसली. म्हणजे बसली, उठली, खिडकी लावली, पुन्हा बसली. शेजारी दारात आला. बाईने त्याच्याकडे बघितलं. आणि बेबीच्याच आवाजात ती म्हणाली, "औषधं घेतलीत का?"

आई टीव्हीकडे टक लावून बघत होती. "हिने औषधाचं विचारलेलं नाही," ती म्हणाली. "डोळे बघ की तिचे."

बेबीच्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळी ती कंपनीच्या कचेरीत पोचली तेव्हा दारं नुकतीच उघडत होती. भांडायचं कुणाशी तेच माहीत नव्हतं. अनुवादकाचं टेबल दाखवलं गेलं. चष्मा लावलेला, मान अवघडलेला एक माणूस, समोर सतरा मालिकांची यादी. बेबीने तोफ डागली. तो सगळं ऐकून म्हणाला, "मला एका भागाला एक दिवस मिळतो. म्हातारी दिसली की हात आपोआप 'बाळा' लिहितो. खरं सांगतो."

'आपोआप' हा शब्द बेबीला लागला. तिच्या गळ्यातूनही तो 'बाळा' आपोआपच आला होता. ती खुर्ची ओढून बसली. उरलेले दोन भाग त्यांनी दुपारपर्यंत वाचून काढले. सहा ठिकाणचे 'बाळा' गेले. एके ठिकाणी तो अडून बसला, तिथे तिने माघार घेतली. शेवटच्या भागात बाई त्या साहेबाला जे म्हणते, ते मात्र जसंच्या तसं ठेवलं, आणि ते लिहिताना अनुवादक एकटाच हसत होता.

पुलाची मालिका संपली. दोन ठिकाणी तिचं नाव छापून आलं, एके ठिकाणी चुकीचं.

आणि त्याच महिन्यात एका संध्याकाळी टीव्ही चालू असताना स्वयंपाकघरात बेबीच्या कानांवर आलं, "आई, मी निघाले गं!" आवाज तिचा नव्हता. हात पुसत ती बाहेर आली. नायिका तीच, बावीसचीच. आवाज आजीचा. थरथर नाही, ओढाताण नाही, नितळ. गळ्याला विश्रांती द्या म्हणून तिचं सकाळचं काम थांबवलं होतं, पण आवाज बदलल्याचं कुणी तिला कळवलंसुद्धा नव्हतं. सहा वर्षं एक आवाज होता, दोन दिवसांत दुसरा आला, आणि कुणाचीही तक्रार आली नाही.

पोरगी चांगलं करत होती, हेच जास्त लागलं. बेबीने तिला फोन केला. तीनदा लावून तीनदा कट केला. चौथ्यांदा बोलली. "छान करतेस. फक्त 'निघाले'वर घाई कर. ती दाराबाहेर पडलेली असते तोवर."

पलीकडे मुलगी आधी हसली आणि मग रडायला लागली. मग दोघींनाही फोन कसा ठेवावा ते कळेना.

पुढचे चार महिने फार वाईट गेले. फोन येत नव्हते. बेबी घरात येरझाऱ्या घालायची, वर्तमानपत्र त्या खालच्या आवाजात मोठ्याने वाचायची. आई म्हणायची, "बातम्या सांगतेस की धमक्या देतेस?" कधी वाटायचं, आपणच आपल्या हाताने गमावलं. कधी वाटायचं, बरं झालं. एका तासात दोन्ही वाटायचं.

पाचव्या महिन्यात दिग्दर्शकाचा फोन आला. सिनेमा होता, एक आजी होती. बेबी वेळेआधी अर्धा तास जाऊन उभी राहिली. कानसेनने काचेतून हात केला. संहिता हातात आली. अकरा वाक्यं. त्यातली चार म्हणजे कंसात 'खोकते'.

"हिला काय झालंय?" बेबीने विचारलं.

"काय झालंय म्हणजे? म्हातारी आहे."

"ते आजारपण नाही. खोकतेय का? दमा आहे, सर्दी आहे, सून घरात धूर करते? घरी कुणीतरी यावं म्हणून मुद्दाम खोकते? प्रत्येकाचा खोकला वेगळा असतो."

दिग्दर्शकाने पानं चाळली. कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. त्याने कानसेनकडे बघितलं. कानसेन छताकडे बघत होता.

"करा ना कसाही, बेबीताई."

"कसाही नाही येत मला आता."

दिग्दर्शक फोन काढून बाहेरच्या जिन्यात गेला, सिनेमावाल्यांना विचारायला. काचेच्या जाड दारातून त्याचे हातवारे तेवढे दिसत होते. बेबीने हेडफोन गळ्यात अडकवला, चष्मा पुसला, आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत ती त्याच्या उत्तराची वाट बघू लागली.